उजव्या हाताची बिनपगारी रजा

दारिंका वुकोब्रात यांचा उजवा हात मे महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वादहाच्या सुमारास, एका जन्मदाखल्यावर सही करता करता कामावरून निघून गेला. म्हणजे हात होता जागेवरच. मनगटाला जोडलेला, लग्नाच्या अंगठीसकट. पण त्याच्याकडून काही खबरबात येईना. पेन पडलं. बाईंनी ते उचललं, तर पुन्हा पडलं. आधी त्यांनी पेनावर ठपका ठेवला आणि कपाटातून नवं पेन काढलं. तेही पडलं, तेव्हा बोटांकडे पाहिलं. बोटं दिसायला छान होती. फक्त ती आपली आहेत असं वाटत नव्हतं. दुपारी घरी जाताना उजव्या पायाची बाहेरची कडही त्याच वाटेने गेल्याचं लक्षात आलं.

दुसऱ्या कोणाचं झालं असतं तर एवढं बिघडलं नसतं. पण दारिंकाबाई बेली ब्रेगच्या जन्म, विवाह आणि मृत्यू निबंधक होत्या. बेली ब्रेग म्हणजे पांढरी टेकडी. बानातच्या त्या सपाट मुलखात टेकडी म्हणण्याजोगं काही असेल तर ते म्हणजे नगरपालिकेच्या अकरा पायऱ्या. त्या पायऱ्या चढून आलेल्या प्रत्येक माणसाला बाईंची सही लागायची. सव्वीस वर्षं. गावातल्या पंचविशीच्या आतल्या एकूण एक माणसाचं अस्तित्व त्या सहीवर टेकलेलं होतं. सहीही तशीच होती. 'व'चा वेलांटा असा काही फिरायचा की लोक दाखला हातात घेऊन आधी सही बघत आणि मग स्वतःचं नाव.

बाई डॉक्टर सिमोनिदाकडे गेल्या. डॉक्टर वयाने लहान, स्वभावाने सरळ. त्यांनी सुई काढली.

"टोचलं की सांगा."

"सांगते."

बराच वेळ गेला.

"तुम्ही सुरुवात केली की सांगा," दारिंकाबाई म्हणाल्या.

"माझं झालं," डॉक्टर म्हणाल्या आणि सुई ठेवून दिली. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "हे बघा, हात आणि पाय दोन्ही एकाच बाजूचे आहेत. कारण मानेत असू शकतं. मेंदूत असू शकतं. नसांमध्ये असू शकतं. किंवा कुठेच नाही, असंही निघतं कधी कधी. एमआरआय केल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

"मग आत्ता कागदावर काय लिहिणार?"

"बधिरपणा. कारण अज्ञात."

सव्वीस वर्षांत दारिंकाबाईंनी कुठल्याही रकान्यात 'अज्ञात' लिहू दिलं नव्हतं. बापाच्या रकान्यातसुद्धा त्या चौकशी केल्याशिवाय तो शब्द घालत नसत. पण इथे लिहिणारी दुसरी होती. जिल्ह्याच्या इस्पितळातली तारीख मिळाली आठ ऑगस्टची. अकरा आठवडे.

बाई घाबरल्या नाहीत. निदान त्यांनी स्वतःला तसं कळवलं नाही. त्यांच्या लेखी हे प्रकरण म्हणजे आत गेलेली फाइल होती. आत गेलेली फाइल कधी ना कधी बाहेर येते. तोवर कामं थांबत नाहीत. नवरा गोयको हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायचा, त्याने मात्र त्याच संध्याकाळी आलेखाच्या कागदावर तक्ता केला. कोणकोणते आजार असू शकतात, कशाची किती शक्यता. हिरवे, पिवळे, लाल चौकोन. तक्ता त्याने कपड्यांच्या कपाटाला आतून चिकटवला.

"बघ, सगळं हिरव्यातच येतंय," तो म्हणाला. "काळजीचं कारण नाही."

"आणि हे खाली लाल काय आहे?"

"ते वाचू नकोस."

"तू वाचलंस ना?"

"मी मास्तर आहे. मला वाचावं लागतं."

दोघांनी ठरवलं, तारीख येईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. हे गुपित त्याच रात्रीच्या जेवणापर्यंत टिकलं. दारिंकाबाईंनी चुलीवरचं सुपाचं पातेलं फडक्याशिवाय उचलून शांतपणे टेबलावर आणून ठेवलं आणि वाढायला बसल्या. सासूबाई, स्तानाबाई, वय ऐंशी, यांनी आधी पातेल्याकडे पाहिलं, मग सुनेच्या हाताकडे, मग तो हात धरून थंड पाण्याखाली नेला, आणि मग एका शब्दात निदान केलं.

"झोत."

स्तानाबाईंच्या मते समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्यांनी जेवढी माणसं मारली तेवढी लढायांनीसुद्धा मारली नाहीत. त्यांचे यजमान वाऱ्याच्या झोताने गेले. यजमान ट्रॅक्टरखाली आले होते, पण ट्रॅक्टरला खिडक्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून घरातली एका बाजूची सगळी तावदानं बंद झाली. मग जून आला, बानातचा उन्हाळा. घरात टोमॅटो आपोआप शिजायला लागले. गोयको आंघोळ करून बाहेर आला की लगेच पुन्हा आंघोळीला जायचा. आणि तावदानं का बंद, हे रस्त्यावरून विचारणाऱ्या प्रत्येकाला स्तानाबाई आतून ओरडून सांगत होत्या. त्यामुळे गुपिताचं जे व्हायचं ते झालं.

मग सल्ले आले. समोरच्या युलिश्काबाईंनी हंसाच्या चरबीचं भांडं आणलं. रात्री चोळायची, वर कोबीचं पान बांधायचं. तीन रात्री दारिंकाबाई कोबी बांधून झोपल्या. चौथ्या रात्री गोयको म्हणाला की त्याला झोपेत सारखी भूक लागते. पोस्टातल्या बाईंनी सांगितलं, अंगठी काढा, सोनं रक्त अडवतं. अंगठी निघेना. साबण लावला, लोणी लावलं, शेवटी जी हंसाची चरबी हाताला उपयोगी पडली नव्हती ती अंगठीला पडली. अंगठी निघाली, उडाली आणि चुलीमागे गेली. चूल हलवायला दोन माणसं लागली. बधिरपणा होता तिथेच राहिला.

शेजारचे विचेन्तियेकाका निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांच्या परसात मधमाश्यांची चौदा पोळी होती. ते शुक्रवारी संध्याकाळी काचेच्या बरणीत दोन मधमाश्या घेऊन आले.

"दारिंका, झोपलेल्या नसेला हाक मारून जाग येत नाही. तिला चावावं लागतं."

"काका, मला काही कळायचंच नाही."

"म्हणून तर तुझ्यावर करायला सोपं."

पहिली माशी उजव्या हाताला डसली. दारिंकाबाई शेजाऱ्यांशी रस्त्याच्या डांबरीकरणाबद्दल बोलत राहिल्या. काकांनी उत्साहाने बरणी पुन्हा उघडली. पण दुसऱ्या माशीला उपचारपद्धती मान्य नसावी. ती उजवा हात ओलांडून डाव्या मनगटावर बसली आणि तिथे तिने काम केलं. डावा हात शंभर टक्के चालू स्थितीत होता. त्याने घेतलेली दखल तीन घरं पलीकडे ऐकू गेली. सकाळपर्यंत डावं मनगट पावाएवढं झालं.

आणि त्या शनिवारी सेन्का आणि आतिला यांचं लग्न होतं.

सेन्का परिचारिका होती. तिला जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात नोकरी मिळाली होती, एक सप्टेंबरपासून. आतिला सुतार, तो बायकोबरोबर जाणार होता आणि त्यासाठी विवाहाचा दाखला हवा होता. लगेच. दारिंकाबाईंनी या सेन्काच्या जन्माच्या दाखल्यावर सही केलेली होती. त्यामुळे रजा घेण्याचा प्रश्न नव्हता.

लग्न लावताना निबंधकाने घालायचा तिरंगी पट्टा गोयकोने घालून दिला. बाई सभागृहात आल्या, नेहमीच्या चालीने, मान ताठ. पाहुणे उभे राहिले. बाईंना दिसलं की पुढच्या रांगेतली एक आजी त्यांच्या पायांकडे बघते आहे, आणि मग दुसरी आजीही बघायला लागली. उजव्या पायात बूट नव्हता. तो अकरापैकी सातव्या पायरीवर राहिला होता आणि पायाने ते कळवण्याची तसदी घेतली नव्हती. आता काय करायचं? मागे वळलं तर समारंभ मोडतो. दारिंकाबाईंनी डाव्या पायाचाही बूट काढला, टेबलाखाली सरकवला आणि कायद्याचं कलम वाचायला सुरुवात केली. त्या आवाजापुढे कोणाची हसायची हिंमत झाली नाही. नंतर गावात दोन मतं पडली. काहींना वाटलं हा राजधानीतून आलेला नवा नियम आहे. त्यानंतरच्या शनिवारी एका नवऱ्यामुलाने बूट दारात काढून ठेवले होते.

शेवटी अभिनंदनाचे हात मिळवायचे होते. आपण किती जोर लावतो आहोत हे हाताने सांगितलं नाही की माणूस एकतर कमी लावतो किंवा जास्त. बाईंनी जास्त लावला. लग्नाचा मुख्य साक्षीदार, दांडगा कसाई माणूस, दाखल्यावर सही करायच्या आधी दोन मिनिटं बोटं झाडत उभा होता. मग दारिंकाबाई बसल्या. उजव्या हाताला पेन कळत नव्हतं आणि डाव्याला ते धरवत नव्हतं. त्यांनी पेन उजव्या मुठीत बसवलं, डाव्या हाताच्या कोपराने उजवं मनगट दाबून धरलं, आणि सही केली.

सहीकडे बघून त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं. कुंपणावरून उडी मारताना अडकलेल्या शेळीसारखी दिसत होती. पण शाई होती, कागद होता, शिक्का होता. चालून जाईल असं त्यांना वाटलं.

चाललं नाही. परदेशी जाणाऱ्या कागदांवर अखेरचा शिक्का मारणारं कार्यालय जिल्ह्याच्या गावी होतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दाखला तिथून परत आला. सोबत चार ओळींचं पत्र: सदर सही नोंदीतील नमुन्याशी जुळत नाही, सदर सही निबंधक दा. वुकोब्रात यांची नसावी.

दारिंकाबाईंनी पत्र तीनदा वाचलं. सुईने जे झालं नव्हतं ते या पत्राने झालं; टोचलं. हाताने ओळख दिली नाही, हे एक वेळ ठीक. पण सरकारने?

सेन्का खिडकीशी आली तेव्हा तिच्या हातात विमानाचं तिकीट होतं.

"दारिंकाबाई, म्हणजे आमचं लग्न झालंय का नाही?"

"झालंय."

"आतिलाची आई म्हणते, तुम्ही त्या दिवशी अनवाणी होतात म्हणून ते धरत नाहीत."

"सेन्का, तुझं लग्न मी लावलंय. ते एक सप्टेंबरच्या आत सगळ्यांना धरावं लागेल. तू बॅग भर."

दुसऱ्या दिवशी त्या जिल्ह्याच्या गावी बाकलान नावाच्या अधिकाऱ्यासमोर बसल्या होत्या. बाकलान सभ्य माणूस होता आणि त्याचं टेबल इतकं स्वच्छ होतं की त्याच्याकडून काही मिळेल असं वाटत नव्हतं.

"सही माझीच आहे," बाई म्हणाल्या.

"असं तुम्ही म्हणता."

"मग दुसरं कोण म्हणणार?"

"सही म्हणते ना. आणि ती नाही म्हणतेय. तुम्ही नवा नमुना नोंदवा."

"द्या कागद."

"नमुना बदलायचं कारण लागतं."

बाईंनी डॉक्टर सिमोनिदांचं पत्र पुढे ठेवलं. बाकलानने ते वाचलं आणि त्याला खरंच वाईट वाटलं. "'कारण अज्ञात'. हे मला घेता येत नाही. कारण अज्ञात हे कारण कसं होईल? आठ ऑगस्टनंतर निदान घेऊन या."

"निदान यायला त्यापुढे पंधरा दिवस. मुलीची नोकरी एक सप्टेंबरची आहे."

बाकलानने खिडकीबाहेर पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "नमुना आपोआप बदलतो असं एकच कारण आहे. आडनाव बदललं तर. मग आम्ही काही विचारत नाही. जुनी सही रद्द, नवी द्यायची. मी तुम्हाला काही सुचवलं नाही."

परतीच्या बसमध्ये दारिंकाबाईंनी ठरवून टाकलं. माहेरचं आडनाव एर्देल्यान. ते पुढे लावायचं: दारिंका एर्देल्यान वुकोब्रात. अर्ज स्वतःच्याच कार्यालयात करायचा होता. पण स्वतःच्या अर्जावर स्वतः निर्णय घेता येत नाही, म्हणून शेजारच्या गावाचे निबंधक फेरेन्त्स यांना बोलावलं. फेरेन्त्स नियमाचे पक्के. त्यांनी अर्ज घेतला, पोच दिली, आणि पंधरा दिवसांची जाहीर सूचना नगरपालिकेच्या काचेच्या फळ्यावर लावून निघून गेले: 'दारिंका वुकोब्रात, आडनावबदलाचा अर्ज. हरकत असल्यास कळवावे.'

बेली ब्रेगमध्ये आडनाव फक्त दोन कारणांनी बदलतं. लग्न, आणि त्याच्या उलटं. बाईंचं लग्न तर झालेलं होतं.

तीन दिवसांत गावाला सगळं समजलं. बाईंना समजायच्या आधी. शिक्षकांच्या खोलीत गोयको शिरला की संभाषण थांबायचं आणि कोणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचं. युलिश्काबाईंनी जर्दाळू भरलेले उकडीचे गोळे पाठवले, वर दालचिनी-साखर पेरून, एकट्या पुरुषाला पुरतील इतके. दुसऱ्या दिवशी पुन्हा. गोयकोने चार दिवस गैरसमज दूर केला नाही. नंतर त्याचं म्हणणं असं होतं की त्याला गैरसमज झालाय हेच कळलं नव्हतं. त्याला वाटलं लोक हाताची चौकशी करतायत.

स्तानाबाईंना कळलं बाजारात, पनीर विकणाऱ्या बाईकडून. त्या घरी आल्या, पिशवी टेबलावर ठेवली, डोक्याचा रुमालही न सोडता बसल्या.

"आमचं नाव आखूड पडलं का तुला?"

"आई, काय झालं?"

"बत्तीस वर्षं पुरलं. आता पुरत नाही. माझ्या मुलात खोट असेल तर तोंडावर सांग. फळ्यावर कशाला लावतेस?"

दारिंकाबाई समोर बसल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं: सही, सेन्का, बाकलान, अज्ञात. सांगता सांगता त्यांचा आवाज एके ठिकाणी चिरला. तो कुठे चिरला याचं त्यांनाच नवल वाटलं. 'आठ ऑगस्ट' म्हणताना. दोन महिने फाइल आत गेलीय, आत गेलीय म्हणत होत्या. फाइलमध्ये काय आहे हे पहिल्यांदाच मनात आलं.

सासूबाईंनी विचारलं, "नवी सही कुठल्या हाताने करणार?"

"उजव्याच."

"तो रजेवर आहे ना?"

याचा विचार दारिंकाबाईंनी केलाच नव्हता. आडनाव नवं, नमुना नवा, पण हात तोच. आज शेळी, तर उद्या बकरा. दोन सह्या एकमेकींशी जुळायच्या नाहीत.

स्तानाबाईंनी रुमाल सोडला. टेबलावरची पेन्सिल उचलली. डाव्या हाताने. आणि भाजीच्या कागदावर स्वतःचं नाव लिहिलं, एकसारखं, गोल, न थांबता. दारिंकाबाईंनी त्यांना आजवर लिहिताना पाहिलं होतं ते उजव्या हाताने, कोंबडीने उकरल्यासारखं.

"तुम्ही डावखुऱ्या आहात?"

"होते. पहिलीत मास्तरांनी माझाच रुमाल घेऊन डावा हात बाकाला बांधला. हिवाळाभर. मग उजव्याने लिहायला लागले, आणि मग लिहिणंच सोडलं." त्यांनी कागद सुनेकडे सरकवला. "पेन्सिल घे. चिमटीत नको, सैल धर. मनगटाने नाही लिहायचं, खांद्याने. कागद तिरका कर. उजवीकडे नाही. उजवीकडे म्हटलं का मी?"

पंधरा दिवस शाळा चालली. रोज संध्याकाळी पाच ते सात. ऐंशी वर्षांच्या बाईने किती वर्षं झाली याचा हिशेब न ठेवता पहिलीतल्या मास्तरांवरचा सगळा राग काढला, फक्त उलट बाजूने. दारिंकाबाई, ज्यांच्या अक्षराचे गावात दाखले दिले जात, त्या ओठ चावून रेघा ओढत बसायच्या. पहिल्या दिवशीचा 'व' बघून स्तानाबाई म्हणाल्या, "हा दारू पिऊन आलाय. परत काढ." सहाव्या दिवशी म्हणाल्या, "आता निदान घरी परत जाईल." आणि अभ्यासाला उजेड हवा, डोळ्यांना हवा हवी, म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंची तावदानं उघडली. गोयको दारात उभा राहून तो वारा अंगावर घेत होता. झोताबद्दल विचारायचं धाडस मात्र त्याने केलं नाही.

फळ्यावरच्या सूचनेला एकच हरकत आली. विचेन्तियेकाकांनी लेखी कळवलं की एर्देल्यान आडनावाच्या एका माणसाने सदुसष्ट साली त्यांची सायकल नेली ती परत केली नाही. फेरेन्त्स यांनी हरकत नोंदवली, तपासली आणि फेटाळली.

जुलैच्या शेवटच्या सोमवारी बाकलानसमोर दारिंका एर्देल्यान वुकोब्रात यांनी डाव्या हाताने तीन सह्या केल्या. एकाखाली एक. तिन्ही सारख्या. त्यात जुना वेलांटा नव्हता. साधी, रुंद, शेताच्या बांधासारखी सही होती. बाकलानने भिंग लावून पाहिली.

"आधीच्यापेक्षा वाचायला बरी आहे," तो म्हणाला.

हे बोलायची काही गरज नव्हती. पण दारिंकाबाईंनी ते गिळलं, कारण सेन्काचा नवा दाखला त्यांनी सोबतच आणला होता आणि त्याच्यावर शिक्का त्यांच्यासमोर पडला. तो बघूनच त्या उठल्या.

आठ ऑगस्टला सकाळी सात वाजता गोयको आणि दारिंकाबाई इस्पितळाच्या खिडकीशी उभे होते. खिडकीतल्या मुलीने ओळखपत्र पाहिलं, यादी पाहिली.

"तुमचं नाव नाही."

"आहे. दारिंका वुकोब्रात."

"ओळखपत्रावर एर्देल्यान वुकोब्रात आहे. ही वेगळी बाई झाली. नवी तारीख घ्यावी लागेल. ऑक्टोबरची देते."

 दोन महिने ज्या तारखेकडे गोयको कपाट उघडून बघत होता ती एका शब्दाने पुढे गेली. त्याने खिडकीचा कठडा धरला. दारिंकाबाईंनी त्याला शांतपणे बाजूला केलं. सव्वीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या बाईला बाहेरच्या माणसाचं काय काय अडू शकतं हे पाठ असतं. त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं.

"हा बदलाचा आदेश. ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा दाखला, फेरेन्त्स यांच्या सहीचा. हे जुनं ओळखपत्र, कोपरा कापलेलं. हे आरोग्यपुस्तिकेतल्या दुरुस्तीचं पान."

मुलीने एकेक कागद उलटून पाहिला. "यांच्या प्रती लागतील."

"खाली आहेत."

"प्रमाणित."

"मागे शिक्का बघा."

मुलीने शिक्का पाहिला. मग पहिल्यांदाच तिने वर मान करून बाईंचा चेहरा पाहिला, आणि उठून दार स्वतः उघडून दिलं.

आतल्या तंत्रज्ञाने दारिंकाबाईंना यंत्राच्या फळीवर निजवलं आणि हातात रबरी फुगा दिला. "घाबरल्यासारखं झालं तर दाबा. मी लगेच थांबवीन."

"मी घाबरत नाही."

फळी आत गेली. ठोकाठोकी सुरू झाली. दोन मिनिटांत यंत्र थांबलं, फळी बाहेर आली.

"काय झालं, बाई?"

"कुठे काय?"

"तुम्ही दाबलंत."

"मुळीच नाही."

पुन्हा आत. पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा तंत्रज्ञ कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "बाई, भीती वाटणं नैसर्गिक आहे. लाजू नका. तुम्ही तर सलग दाबताय."

तेव्हा दारिंकाबाईंच्या लक्षात आलं की फुगा उजव्या हातात आहे.

त्या त्याला सांगणार होत्या की या हाताचं मनावर घेऊ नका. पण मग वाटलं, कोणास ठाऊक. इतके दिवस त्या बोलल्या नाहीत ते तो आपल्या परीने सांगत असेल. त्यांनी फुगा डाव्या हातात घेतला, डोळे मिटले आणि आतमध्ये, कोणी बघत नसताना, चाळीस मिनिटं व्यवस्थित घाबरून घेतलं. बाहेर आल्यावर त्यांना बरंच हलकं वाटलं.

निकाल घ्यायला तेवीस तारखेला ते पुन्हा इस्पितळात गेले; डॉक्टर सिमोनिदाही तिथे आल्या होत्या. डॉक्टर सिमोनिदांनी चित्रं उजेडावर धरली. "मेंदू स्वच्छ आहे. काही नाही. मानेत एक चकती सरकली आहे, ती नसेवर बसलीये. हात तिच्यामुळे. व्यायाम, पट्टा, वेळ लागेल, पण बराचसा परत येईल."

गोयकोने चष्मा काढला. तो पुसायला लागला आणि बराच वेळ पुसत राहिला.

"आणि पाय?" दारिंकाबाईंनी विचारलं.

"पायाचं या चित्रात काही उत्तर नाही. लक्ष ठेवू. सहा महिन्यांनी या."

"म्हणजे अज्ञात."

"सध्या."

दारिंकाबाईंनी थोडा विचार केला. पूर्वीच्या बाई इथे हटून बसल्या असत्या. आता त्या एवढंच म्हणाल्या, "लिहा."

इस्पितळाच्या अंगणात त्यांनी घरी फोन लावला. स्तानाबाईंनी पहिल्याच घंटेला उचलला. फोनवरच बसलेल्या असाव्यात.

"आई, मेंदूत काही नाही."

"बरं. आणि हात?"

"येईल परत. मानेमुळे होतं."

"आणि पाय?"

"पायाचं कोणाला माहीत नाही."

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला. "हात्तिच्या. मग त्यात काय. माझ्या डाव्या पायाला एकाहत्तर सालापासून काही लागत नाही. चालतेय ना मी?"

दारिंकाबाई जागच्या जागी थांबल्या. "काय म्हणालात? एकाहत्तर? तुम्ही कधी कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगायचं काय? पाय जागेवर आहे."

"आई, तुमची आरोग्यपुस्तिका कुठे आहे?"

"मला ऐकू येत नाही," स्तानाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

गोयको गाडीचं दार उघडून उभा होता. दारिंकाबाईंनी त्याला हातानेच थांब म्हणून खूण केली, पदर खोचावा तसा झगा सावरला, आणि परत पायऱ्या चढून तारखा देणाऱ्या खिडकीपाशी जाऊन रांगेत उभ्या राहिल्या.